करपलेला फोटू

गावाकडच्या आठवणी लिहिणाऱ्या मंडळींना गेल्या काही वर्षांत एक शब्द फार मानवलाय. सेपिया. रविवारची पुरवणी उघडा नाहीतर दिवाळी अंक उघडा, कुणाचं तरी बालपण सेपिया रंगात असतं, कुणाचा वाडा सेपिया होतो, एका लेखात तर आख्खी आजीच सेपिया होती. नऊवारीतली, कपाळावर गोंदण, चुलीपुढं बसलेली आजी. ती सावळी होती का गोरी, धुरानं तिचे डोळे लाल झाले होते का, लेखकानं काही सांगितलं नाही. सेपिया म्हणाला आणि मोकळा झाला.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. शब्द अडला की शेजारच्या शब्दांकडं बघून अर्थ लावायचा, ही माझी रीत. पण इथं शेजारी बघितलं तर 'हळवे', 'मखमली', 'दरवळ' असली मंडळी बसलेली. त्यांच्याकडनं काय कळणार? मला सेपिया ठाऊक होतं ते वेगळंच. तालुक्याच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरनं आमच्या मंडळींना त्या नावाच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणलं, ह्या आजीलाबी तोच आजार असावा.

पुढं विचारत गेलो, वाचत गेलो, तेव्हा कळलं की सेपिया हे एका समुद्री जिवाचं ग्रीक नाव आहे. कोकणात माकूल म्हणतात त्याच्या भावकीतला. जिवावर बेतलं की हा पोटातली काळपट तपकिरी शाई पाण्यात सोडतो आणि त्या गढुळातनं निसटतो. ती शाई वाळवून, घोटून युरोपातले चित्रकार अठराव्या शतकाच्या शेवटाला चित्रं काढायला लागले आणि रंगालाच त्या जिवाचं नाव पडलं. होमिओपॅथीची गोळी बी त्याच शाईची. गंमत पुढंच आहे. ह्याच प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होतं. आजीच्या बटव्यात. समुद्रफेस म्हणायची ती त्याला. कुणाचा कान वाहायला लागला की त्याची पूड काढायची. समुद्र तिनं जन्मात बघितला नव्हता. म्हणजे सेपियाचं हाड आमच्या वाट्याला आणि शाई लेखक मंडळींच्या वाट्याला, अशी वाटणी आधीच झालेली होती म्हणायची.

पण फोटोत ही शाई नसते. थेंबभरसुद्धा नसते. हे मला सांगितलं आमच्या तालुक्याच्या गावी पन्नास वर्षं फोटोचं दुकान चालवलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं. दुकान आता मुलगा बघतो, तिथं झेरॉक्स आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हातारबाबा मागं खुर्चीवर बसून असतात. फोटोच्या रंगाचा विषय काढला की माणूस जागा होतो.

त्यांचं म्हणणं असं. फोटो तपकिरी दिसायला तीन कारणं असतात आणि तिन्हींची तीन कुळं वेगळी. सगळ्यात जुने फोटो जन्मतःच तपकिरी. १८५० च्या सुमाराला कागदाला कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक फासून त्यावर चांदीचं मीठ चढवायची रीत निघाली. ती पुढं चाळीसेक वर्षं चालली. जर्मनीत ड्रेस्डेन शहरातल्या एका कारखान्यात अशा कागदापायी दिवसाला ६०,००० अंडी फुटायची. पिवळ्या बलकाचं काय करत असतील, हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यात पहिला येणार. तो ते विकून टाकत. ह्या कागदावरचा फोटो मुळातच तांबूस-तपकिरी उमटायचा, सोन्याच्या पाण्यात काढून त्याचा रंग जरा सुधारायचे.

दुसरं कूळ मुद्दाम तपकिरी केलेल्यांचं. काळापांढरा फोटो तयार झाला की तो एका औषधात बुडवायचा. बघता बघता चित्र विरतं, कागद जवळजवळ कोरा होतो. मग दुसऱ्या औषधात टाकायचा. त्याला सडक्या अंड्याचा वास. त्यात चित्र परत येतं, पण काळं नाही, तपकिरी होऊन येतं. चांदीला गंधक भेटलेलं असतं. घरातले चांदीचे पैंजण काळे पडतात ते त्याच गंधकानं. ह्या फोटोला सेपिया म्हणायचे. रंग त्या शाईसारखा दिसतो म्हणून नाव तेवढं उसनं घेतलेलं. आणि म्हातारबाबा बोट वर करून म्हणाले, "हे ध्यानात ठेवा, ह्यो फोटो साध्या काळ्यापांढऱ्यापरास जास्त टिकतो." नुसती चांदी हवेनं, दमटीनं बिघडते, गंधकाला मिळालेली चांदी घट्ट असते. आता बघा. जो फोटो टिकावा म्हणून जास्तीचे पैसे मोजून तपकिरी केला, त्याचं नाव आपण आज विटण्याला, विरण्याला दिलंय.

तिसरं कूळ आमचं. काळेपांढरे होते, पण पुढं पिवळे पडले.

लेखकांशी माझं भांडण आहे ते इथं. सेपियाचा तपकिरी फोटो कुणाच्या घरात होता? १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यामागं लवकरच गेला. पण कॅमेऱ्यापुढं कोण बसलं? राजे, सरदार, सावकार, वकील, मोठे अधिकारी. आमच्या माणदेशातल्या एका वाड्याच्या माडीवर मी असला फोटो बघितलाय. खुर्चीवर धनी, हातात काठी, मागं रंगवलेल्या पडद्यावर तळं आणि खांब. तळं! आमच्या मुलखात पडद्यावरच असायचं. एकसारखा तपकिरी, चेहऱ्यावरची मिशी अजून मोजून घ्यावी इतका स्वच्छ. त्याला सेपिया म्हणा, माझी तक्रार नाही. तो रीतसर सेपियाच आहे.

आमच्या आळीत फोटो आला तो १९६० नंतर आणि दोनच वाटांनी आला. एक मिल्ट्रीची, दुसरी गिरणीची. सातारा जिल्ह्यात घरटी एखादा जवान असायचाच. माझ्या चुलत्यानं छावणीजवळच्या स्टुडिओतनं नव्या वर्दीतला फोटो धाडला, तो आमच्या घरातला पहिला. गिरणीतल्या माणसाचा फोटो परळ-लालबागच्या स्टुडिओतला, नव्या चादरीसारखी कडक इस्त्री आणि हातात घड्याळ, घड्याळ बहुतेक स्टुडिओवाल्याचंच. पुढं कुणा मास्तराकडं आग्फाचा डब्बा कॅमेरा आला, एका रोलात बारा फोटो. हे सगळे काळेपांढरे. गंधकाचं जास्तीचं औषध लावायची पद्धत तोवर मागं पडली होती, आणि असती तरी त्याचे पैसे कुणाकडं होते?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरांच्या आठवणी हे लेखक लिहितात, त्या घरांचा भूतकाळ तपकिरी असूच शकत नाही. तो एकतर फोटोतच नाही, नाहीतर काळापांढरा आहे. त्याला सेपिया म्हणणं म्हणजे वाड्यावरच्या अल्बमातला रंग खरवडून आमच्या छपरावर सारवणं. आणि एकदा तो सारवला की छप्पर बी वाड्यासारखंच दिसायला लागतं. गरिबी राहते, पण तिचा वास जातो.

खरोखर तपकिरी असलेले गरिबांचे फोटो नाहीतच असं नाही. आहेत, आणि ते बघवत नाहीत. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनपासून मद्रासपर्यंत पसरला होता; आमच्याकडची गावंच्या गावं त्यात उठली. त्या वेळी मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दुष्काळात सापडलेल्या माणसांचे फोटो काढले. बरगड्या मोजता येतील अशी माणसं, बाया, पोरं, स्टुडिओत कुटुंबाला बसवावं तशी रांगेनं बसवलेली. फोटो काढून त्यांना काय दिलं, असं तेव्हाही लोकांनी विचारलं होतं. अंड्याच्या कागदावरचे ते फोटो, म्हणून रंग तपकिरी. माझ्या पुतणीच्या पोरानं मला ते फोनवर दाखवले. पोरगं चांगलं शिकलेलं, मनानं बी चांगलं. पण फोटो बघून त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "टोन काय भारी आहे ना, आजोबा?" त्याचा दोष नाही. तपकिरी दिसलं की गोड वाटायचं, हे त्याला आपणच शिकवलंय. उपाशी माणसांच्या बरगड्याही आता त्याच गोडीत बुडतात.

आता माझ्याकडचा एक फोटो सांगतो, कारण त्याच्यामुळंच हा लेख लिहायला बसलो. १९७२ च्या दुष्काळाचा. म्हणजे दुष्काळ बहात्तरचा, फोटो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातला. पाझर तलावाच्या कामावर पंधरा-सोळा बाया खडी फोडतायत. डावीकडनं तिसरी माझी आई. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातोडी वर उचललेली, म्हणून हात हललेला आलाय. मी बारा वर्षांचा होतो, फोटोत नाही; पाण्याची घागर घेऊन कुठंतरी बाजूला असेन. कामावर मिलोच्या भाकरी असायच्या, लाल, घशात अडकणाऱ्या. पोरांना सुकडी मिळायची. कामावरच्या ओव्हरसियरनं वर पाठवायला म्हणून फोटो काढून घेतले होते, त्यातली एक जादा प्रत मुकादमाकडनं आमच्याकडं आली.

ह्या फोटोच्या खालच्या आणि उजव्या कडेला पिवळा पट्टा आहे. मधेमधे तांबूस डाग. मला वाटायचं चुलीचा धूर, नाहीतर पावसाची गळती. फोटोवाल्या म्हातारबाबांना दाखवला. त्यांनी उलटा करून मागचा शिक्का बघितला आणि हसले. त्यांच्याच दुकानात धुतलेला निघाला. मला म्हणाले, "हा धूर नव्हं. फोटो पक्का करायला हायपो लावतात, तो पुढं पाण्यानं निघावा लागतो. वाहत्या पाण्यात तासभर ठेवायचा कागद, न्हाईतर राहिलेला हायपो आतनं खातो आणि फोटो पिवळा पडतो. त्या साली प्यायला पाणी न्हवतं. टँकरच्या दोन घागरीत मी चाळीस फोटो धुतले. कसा राहील त्यो?"

हे ऐकल्यापासून मी त्या पिवळ्या पट्ट्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. फोटोत जो दुष्काळ दिसतो तो कॅमेऱ्यानं टिपला. कडेला जो आहे तो कुणी टिपला नाही, तो आपणहून कागदात शिरला. पाण्याच्या दुष्काळाचा एवढा थेट पुरावा माझ्याकडं दुसरा नाही. हजेरीपट गेले, मुकादम गेला, तलाव गाळानं भरला.

हाच फोटो ह्या पुस्तकासाठी मी दिला. काही दिवसांनी मुखपृष्ठाचा नमुना आला. आई तपकिरी. खडी तपकिरी, आभाळ तपकिरी, सगळं एकसारखं, चहात बुडवून काढल्यागत. पिवळा पट्टा गायब. रंग जसा वरनं सगळीकडं सारखा फिरला तसा तोही त्यात मिटून गेला. वर उचललेली हातोडी अशी दिसत होती जणू बाई भोंडल्याला निघालीय. कॉम्प्युटरवर त्यासाठी एक बटण असतं म्हणे. दाबलं की झालं. सडक्या अंड्याचा वास नाही, की फोटो नाहीसा होऊन परत यायची धाकधूक नाही.

करणारीनं वाईट हेतूनं केलं नव्हतं. जुन्या गोष्टी आहेत, जुना रंग दिला, एवढाच तिचा हिशोब. पण जुना रंग कुणाचा?

आमच्या बोलीत ह्या सगळ्याला शब्द नव्हते म्हणून सेपिया आणावा लागला, असंही कुणी म्हणायला नको. आपला तपकिरी शब्दच घ्या. तो तपकिरीवरनं, म्हणजे नाकात ओढायच्या तपकिरीवरनं आला. त्यांनी समुद्रातल्या जिवावरनं रंगाला नाव दिलं, आपण म्हाताऱ्यांच्या डबीवरनं दिलं. विटेवरनं विटकरी, काताच्या वड्यांवरनं काथ्या, बदामावरनं बदामी, मातीवरनं मातकट. रंगांत आपण कुणाला हार जाणारे नाही. पण जुन्या फोटोबद्दल बोलताना आमची माणसं रंगाचं नाव घेतच नाहीत, हे मला नंतर लक्षात आलं. ती काय झालं ते सांगतात. फोटो पिवळा पडला. फोटो उडाला. पुसट झाला. कसर लागली. डाग धरला. काचेला चिकटला. माझी आजी त्या चुलत्याच्या फोटोला शेवटी शेवटी 'करपलेला फोटू' म्हणायची. भाकरी करपते तसा. करपलं म्हणलं की आच कुठनं लागली हा प्रश्न आपोआप येतो. पिवळा पडला म्हणलं की कशानं पडला, हे विचारावंसं वाटतं, आणि विचारलं की म्हातारबाबांच्या दोन घागरी निघतात. सेपियाला असलं काही विचारता येत नाही. तो फोटोचं काय झालं ते सांगत नाही. बघणाऱ्याला कसं वाटतंय तेवढंच सांगतो.

तसं म्हणलं तर 'कृष्णधवल' हा शब्दही मला कधी पेलला नाही. कुणा महाराजांचं नाव वाटतं. आमच्यात काळापांढरा नाहीतर सरळ ब्लॅक अँड व्हाइट म्हणतात. पण कृष्णधवल निदान खोटं तरी बोलत नाही. काळा आणि पांढरा, एवढंच म्हणतो. 'छायाचित्र' तर मला आवडतो, सावलीचं चित्र. 'तसबीर' देवांना आणि गेलेल्यांना राहिली. भिंतीवर गेला, फोटोला हार लागला, एवढं म्हणलं की आमच्याकडं पुढचं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी लेखक लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. माझ्या लग्नातले फोटो रंगीत. १९८४ सालचे. त्या वेळी रंगीत म्हणजे श्रीमंती. पेटीत जपून ठेवले, उजेड लागू दिला नाही, तरी आज अल्बम उघडला तर सगळं लालसर. हिरवा शालू मातीच्या रंगाचा झाला, आभाळाची निळाई तर पार गेली, भटजी आणि नवरदेव सारखेच तांबडेलाल, जणू दोघांनाबी ताप. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी मरतो, अंधारात ठेवला तरी मरतो, असं कळलं. आमच्या पिढीचा जुनेपणा हा असा लाल आहे. त्याला अजून कुणी नाजूक नाव शोधलं नाही, आणि त्याचं बटणही फोनमध्ये मला दिसलं नाही. शोधलं तर त्यावरही लेख येतील.

आणि ज्यांचा फोटोच नाही त्यांचं काय? माझ्या थोरल्या आत्याचा हयातीत एकच फोटो निघाला, मतदान कार्डावरचा. त्यात ती आहे का दुसरी कुणी, हे कार्डावरचं नाव वाचून ठरवावं लागतं. ती गेल्यावर पोरांनी तोच मोठा करून आणला. फोटोवाल्यानं तिच्या तोंडाखाली दुसऱ्याच बाईचं अंग जोडलं आणि तिला जरीकाठी हिरवी साडी नेसवली. जन्मात न नेसलेली. आता वर्षश्राद्धाला तिच्याकडं बघताना पाहुणे म्हणतात, म्हातारी रुबाबदार होती. इथं नवं दिसावं म्हणून रंग चढवला, मुखपृष्ठावर जुनं दिसावं म्हणून. दोन्हीकडं मूळ माणूस रंगाखाली गेलं.

शहरातल्या लिहिणाऱ्यांवर सगळं ढकलत नाही मी. आमच्यातलेही आता तेच करतात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा फ्लेक्स, सोसायटीच्या चेअरमनच्या वडिलांची पुण्यतिथी, सगळीकडं तपकिरी. कारण तपकिरी म्हणजे खानदानी, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. ज्यांच्या घरात कधी खुर्ची नव्हती त्यांचे आजोबा आता खुर्चीवर बसल्यासारखे दिसतात. त्याला हरकत घेणारा मी कोण? आपल्या आजोबाला मान मिळावा असं कुणाला वाटत नाही? पण निदान लिहिताना तरी, अक्षरात तरी, काय होतं ते लिहावं. लेखकाच्या हातात बटण नाही, शब्द आहे.

मुखपृष्ठाचं पुढं असं झालं. मी फोन करून सांगितलं की फोटो आहे तसा छापा, पट्ट्यासकट. संपादकबाई म्हणाल्या, "काका, पिवळा पट्टा छपाईत चूक वाटेल. लोक म्हणतील शाई पसरली." म्हणलं, मग खाली ओळ टाका. ती मीच लिहून देतो. आणि लिहून दिली:

'पाझर तलावाचं काम, उन्हाळा १९७३. डावीकडून तिसरी माझी आई. फोटो काळापांढरा आहे. कडेचा पिवळा पट्टा छपाईतला नाही. फोटो धुवायला पाणी पुरलं नाही, त्याचा आहे.'

त्या म्हणाल्या, ओळ फार लांब होते, मुखपृष्ठावर मावायची नाही. म्हणलं, मग पुस्तकाचं नाव बारीक करा.